तिकडे आहे ना तुमची स्पर्धा!

१९७६ साली मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली आणि त्यावरून एवढा गदारोळ उठला, की प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिथे बाजू तिची टिकली. पाठोपाठ जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे ‘फिडे’चे, तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत बायकांना मज्जाव करता येणार नाही. आज जगभरच्या मोठ्या स्पर्धांत जो ‘खुला गट’ असतो, त्याच्या खुलेपणात ‘नवाकाळ’कार नीलकंठ खाडिलकरांच्या या धाकट्या मुलीचा वाटा आहे. आपल्याकडे ही गोष्ट जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

पण त्यात एक खोच आहे. महिलांची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. १९७४ साली पहिलं अजिंक्यपद रोहिणीच्याच थोरल्या बहिणीनं, वासंतीनं, मिळवलं. मग मधली जयश्री, मग रोहिणी. पहिली दहा वर्षं हे अजिंक्यपद या घराबाहेर गेलंच नाही. म्हणजे १९७६ मध्ये बायकांना खेळायला जागा नाही, अशी परिस्थिती नव्हती. जागा होती, ढाल होती, पेपरात नावही येत होतं. मला वाटतं, ती जागा होती म्हणूनच दुसऱ्या पटावरून या मुलीला उठवणं अनेकांना सोपं वाटलं असणार.

मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी जनरल डब्यात चढलेल्या बाईला हमखास ऐकू येतं, ‘लेडीज डबा आहे ना, तिकडे जायचं!’ डबा राखून ठेवला तो तिला सुखानं प्रवास करता यावा म्हणून. बोलणारा मात्र उरलेली अख्खी गाडी आपल्या नावावर करून मोकळा होतो. फक्त बायकांसाठी असलेल्या कुठल्याही जागेबद्दल ‘हे न्याय्य आहे का?’ असं कुणी विचारलं, की मला आधी हा जनरल डबा आठवतो. राखीव डब्यात काय चालतं ते नंतर पाहू. त्याच्यामुळे बाकीच्या गाडीत काय होतं, ते आधी बघायला हवं.

आणि हा प्रश्न आता सारखा विचारला जातो. फक्त बायकांचे सह्याद्रीतले ट्रेक निघतात, बुलेटवरून लडाखला जाणारे बायकांचे गट आहेत, ढोलताशाची महिला पथकं आहेत. ‘आम्ही फक्त पुरुषांचा ग्रुप काढला तर चालेल का?’ हा त्यावरचा ठरलेला सवाल. तो नेहमीच खोडसाळपणे येतो असं नाही. ज्यानं आयुष्यात कुणा बाईची वाट अडवली नाही, त्याला फक्त पुरुष म्हणून वगळलं गेल्याचं वाईट वाटू शकतं. याचं उत्तर शोधायला मी बुद्धिबळ निवडलं, कारण इथे ताकदीची सबब चालत नाही. धावण्यात, कुस्तीत गट वेगळे का, हे समजायला फार विचार करावा लागत नाही. पण वजीर तीन घरं सरकवायला दंडाची बेटकुळी लागत नाही. मग वेगळी खोली कशाला?

गंमत म्हणजे लंडनमध्ये ताकदीचीसुद्धा शंका काढून झाली आहे. १८९७ साली तिथल्या हॉटेल सेसिलमध्ये महिलांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा शिसं भरलेल्या जड लाकडी सोंगट्या उचलून उचलून बायका दमतील, अशी चिंता व्यक्त झाल्याचं सांगतात. वीस जणी खेळल्या. पहिली आली ती पंचावन्न वर्षांची मेरी रज. एकोणीस डावांत अठरा विजय आणि एक बरोबरी. ती दमल्याची नोंद नाही.

या स्पर्धेच्या मागे १८९५ मध्ये लंडनला निघालेला लेडीज चेस क्लब होता. त्या काळी बुद्धिबळ खेळलं जायचं कॉफीगृहांत आणि क्लबांत, संध्याकाळी, तंबाखूच्या धुरात. एकट्यादुकट्या बाईनं तिथे जाऊन अनोळखी पुरुषासमोर बसणं शिष्टसंमत नव्हतं. लेडीज क्लबनं त्यावर साधा तोडगा काढला: आपली खोली, आपली वेळ, आपल्या मैत्रिणी. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. हा क्लब आपापसांत खेळून थांबला नाही. संघ बांधून तो लंडनच्या पुरुषांच्या क्लबांशी सामने खेळू लागला. एकटीला जिथे जाता येत नव्हतं, तिथे या बायका दहाजणी मिळून जाऊ लागल्या.

महिलांचं पहिलं जागतिक अजिंक्यपद १९२७ मध्ये लंडनलाच झालं. मॉस्कोत जन्मलेली व्हेरा मेंचिक त्यात अकरांपैकी साडेदहा गुण घेऊन जिंकली आणि १९४४ मध्ये लंडनवर पडलेल्या जर्मन बॉम्बनं तिचा जीव घेईपर्यंत ते पद तिच्याकडेच राहिलं. पहिल्या विजयानंतर दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, तिला कार्ल्सबादच्या तगड्या पुरुषांच्या स्पर्धेत बोलावलं, तेव्हा व्हिएन्नाच्या आल्बर्ट बेकरनं थट्टा केली, की जो कुणी हिच्याकडून हरेल त्याला आपण ‘व्हेरा मेंचिक क्लब’चा सभासद करून घेऊ. पहिला सभासद झाला स्वतः बेकर. पुढे या क्लबात बरीच मोठी नावं जमा झाली. हेस्टिंग्जच्या स्पर्धांत तिच्याकडून दोनदा हरलेला एक तरुण डच मास्तर पुढे १९३५ मध्ये विश्वविजेता झाला. त्याचं नाव मॅक्स युवे. रोहिणी खाडिलकरच्या प्रकरणात निर्णय देणारे अध्यक्ष ते हेच. बाई पटावर काय करू शकते, हे त्यांना कुणी पत्र लिहून पटवून द्यायची गरज नव्हती.

मेंचिक महिलांच्या खोलीत अजिंक्य होती आणि पुरुषांच्या दालनात झुंजत होती. दोन्ही एकाच वेळी. पण हा दुहेरी रस्ता नको म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. हंगेरीच्या लास्लो पोल्गारनं आपल्या तिन्ही मुलींना होता होईल तो महिलांच्या स्पर्धांपासून लांब ठेवलं. धाकटी ज्युडिट हंगेरीसाठी १९८८ आणि १९९० चं महिला ऑलिम्पियाड खेळली, दोन्ही वेळा सुवर्ण घेऊन आली, पण महिलांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या वाटेला ती आयुष्यात गेली नाही. १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली, तीही पुरुषांच्या निकषांवर. जागतिक क्रमवारीत आठव्या स्थानापर्यंत चढली. २००२ मध्ये जलद डावात कास्पारोव्हला हरवलं. महिलांसाठीचे वेगळे किताब बंद करावेत, असं ती उघडपणे सांगते.

या किताबांचं गणित असं. ग्रँडमास्टर व्हायला रेटिंग २५०० लागतं, वूमन ग्रँडमास्टरला २३०० पुरतं. म्हणजे वूमन ग्रँडमास्टरचा उंबरठा साध्या इंटरनॅशनल मास्टरच्या २४०० पेक्षाही खाली आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलीला आपण नकळत सांगतो, की तुझ्यासाठी एवढं बास. जिंकायची भूक ज्या वयात वाढायची, त्याच वयात तिच्यासमोर थोड्या उंचीवरचं, पटकन हाताला लागणारं फळ ठेवतो. ज्युडिटचा आक्षेप मला पटतो. चीनची होउ यिफान तर २०१७ मध्ये जिब्राल्टरच्या खुल्या स्पर्धेत एवढी वैतागली, की दहापैकी सात फेऱ्यांत आपल्यासमोर बाईच बसवली म्हणून तिनं शेवटच्या डावात मुद्दाम वेड्यावाकड्या खेळी करून पाच खेळींतच डाव सोडला. समोर भारताचा ललित बाबू होता; त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. जोड्या संगणकानं लावल्या होत्या, हा खुलासाही झाला. पण तिचं दुखणं खरं होतं. ती महिलांची स्पर्धा टाळून खुल्या स्पर्धेत आली होती, आणि समोर पुन्हा तेच.

तरीही पोल्गारांचं घर हे उदाहरण म्हणून घेताना थबकायला होतं. वडिलांनी मुलींना शाळेत न घालता घरीच शिकवलं, घराचं घर पटाभोवती उभं केलं. त्या तोलामोलाचं पाठबळ नसलेल्या मुलीचं काय होतं, ते पाहायला राज्यातल्या कुठल्याही वयोगट स्पर्धेच्या सभागृहाबाहेर उभं राहावं. नऊ वर्षांखालच्या गटात मुली भरपूर असतात, रिबिनी बांधलेल्या, डबा संपवून पुढच्या फेरीला पळणाऱ्या. पंधरा-सोळाच्या गटात त्यांची रांग आटलेली असते. दहावी येते, क्लास येतात, मुलांनाही येतात. पण मुलाला पाठीवर सॅक देऊन नागपूर-चेन्नई गाडीत बसवता येतं. मुलीबरोबर कुणीतरी जावं लागतं, बहुधा आई, आणि आई नोकरी करत असली तर तिची रजा मोजावी लागते. शेवटची फेरी रात्री साडेनऊला संपली तर लॉजवर परत कसं जायचं? सभागृहात स्वच्छतागृह किती? यातलं काहीही पटावर दिसत नाही. फिडेच्या रेटिंग यादीत ढोबळमानानं दहातली एक खेळाडू बाई आहे, आणि या आकड्यामागे बुद्धीपेक्षा रजेचे अर्ज जास्त असावेत असा माझा संशय आहे.

संशयाला थोडा आधारही आहे. २००९ मध्ये जर्मनीतल्या खेळाडूंच्या आकडेवारीचा अभ्यास ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी’त प्रसिद्ध झाला. तिथले अव्वल पुरुष आणि अव्वल स्त्रिया यांच्यातला फरक जवळजवळ सगळा केवळ संख्येतून निघतो, असा त्याचा निष्कर्ष होता. खेळणारे जास्त तर टोकाला पोचणारेही जास्त. समोर पुरुष आहे हे कळल्यावर बायकांचा खेळ खालावतो का, यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. इटलीत २००८ मध्ये उत्तर ‘हो’ आलं, २०१८ मध्ये एका मोठ्या अभ्यासात ‘उलट, चांगला होतो’ असं आलं, २०२० मध्ये पुन्हा ‘हो’. अशा गोष्टीवर स्वतंत्र खोलीचं समर्थन टांगू नये.

आणि टांगायची गरजही नाही. दुसरी कारणं उघड्यावर आहेत. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथल्या स्पर्धेनंतर नागपूरच्या दिव्या देशमुखनं इन्स्टाग्रामवर लिहिलं, की आपण काही डाव उत्तम खेळलो, पण प्रेक्षकांचं लक्ष आपल्या कपड्यांवर, केसांवर, उच्चारांवर होतं, खेळावर नव्हतं. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. २०२३ मध्ये अमेरिकेत जेनिफर शहादेनं एका नामवंत ग्रँडमास्टरवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप जाहीरपणे केले आणि पाठोपाठ इतरही बोलत्या झाल्या. त्याच वर्षी फ्रान्समधल्या महिला बुद्धिबळपटूंनी आपल्या खेळातल्या छळाबद्दल खुलं पत्र काढलं. असं काही घडलं की चौदा वर्षांची मुलगी सांगणार कुणाला? प्रशिक्षक पुरुष, पंच पुरुष, शेजारच्या पटावरचे सगळे मुलगे.

याच संदर्भात अमेरिकी संघटनेनं शालेय राष्ट्रीय स्पर्धांत चालवलेल्या ‘गर्ल्स क्लब’च्या खोल्या मला फार शहाणपणाच्या वाटतात. स्पर्धा सगळ्यांची एकच. फेऱ्यांच्या मधल्या वेळात मुलींनी येऊन बसावं, हरलेला डाव मैत्रिणीबरोबर पुन्हा मांडून बघावा, गंमत म्हणून दोन जलद डाव खेळावेत, एखाद्या मोठ्या खेळाडूशी बोलावं, एवढ्यासाठी एक खोली. तिथे गुण नाहीत, बक्षीस नाही, किताब नाही. या खोलीमुळे कुठल्या मुलाचा अर्धा गुणही कमी होत नाही. मुलांना हे सगळं सभागृहाबाहेरच्या कट्ट्यावर आपोआप मिळतं. तो कट्टा त्यांचाच असतो, फक्त दारावर पाटी नसते. ‘फक्त पुरुषांचा ग्रुप काढला तर?’ या सवालाला माझं उत्तर हेच आहे. तो काढावा लागत नाही.

बायकांसाठीची जागा बायकांच्या हातात असते असंही नाही. पुण्याची सौम्या स्वामिनाथन २००९ ची मुलींची ज्युनियर जगज्जेती. २०१८ मध्ये इराणमध्ये होणाऱ्या आशियाई सांघिक स्पर्धेतून तिनं माघार घेतली, कारण तिथे डोक्याला रुमाल बांधणं सक्तीचं होतं. गट महिलांचा, पण बायकांनी त्यात कसं बसायचं ते ठरवणारे दुसरेच. दारावरच्या राखणदाराचा प्रश्नही असाच. आपल्याकडच्या हळदीकुंकवालाही सगळ्या बायकाच जमत, पण विधवेला बोलावणं नसे. ऑगस्ट २०२३ मध्ये फिडेनं ठरवलं, की जन्मानंतर लिंगबदलाची नोंद करून घेतलेल्या ट्रान्स महिलांना निर्णय होईपर्यंत, दोन वर्षंही लागू शकतील, महिलांच्या अधिकृत स्पर्धांत खेळता येणार नाही. शारीरिक ताकदीचा संबंधच नसलेल्या खेळात हे कशासाठी, याचं समाधानकारक उत्तर मी तरी वाचलेलं नाही. जर्मनी आणि फ्रान्सच्या संघटनांनी हा नियम आपल्याकडे लावायला नकार दिला. वेगळी खोली हवी म्हणणाऱ्या बायकांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये. ‘तुझी जागा इथे नाही’ हे वाक्य आपण ऐकलेलं असतं, म्हणून ते आपल्या तोंडून आलं की जास्त वाईट ऐकू येतं.

मग महिलांच्या स्पर्धा? तिथे पैशाचं बोलावं लागतं. २०२३ मध्ये महिलांच्या जागतिक अजिंक्यपद लढतीची बक्षीस रक्कम पाच लाख युरो होती, खुल्या लढतीची वीस लाख. चौपट फरक बोचतो. पण महिलांची लढतच नसती तर ते पाच लाखही नसते, आणि बुद्धिबळावर जगणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजाव्या लागल्या असत्या. सांगलीचंच बघा. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये सुरू केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या या गावानं भाग्यश्री साठे आणि स्वाती घाटे दिल्या. भाग्यश्री, लग्नानंतरच्या ठिपसे, पाचदा महिलांची राष्ट्रीय विजेती झाली, १९९१ मध्ये आशियाई विजेतीही. हे अजिंक्यपद नसतं तर सांगलीतल्या पुढच्या मुलींच्या आईवडिलांना दाखवायला काय होतं? ‘माझी मुलगी खुल्या गटात चाळिसावी आली’ यावर घरखर्चातून पुढच्या स्पर्धेचं तिकीट निघत नाही.

म्हणून मी स्पर्धा राहू द्यावी म्हणते, खोली तर राहायलाच हवी, आणि वूमन ग्रँडमास्टरचा किताब मात्र नव्या मुलींसाठी बंद करावा. हे तिन्ही एकाच वादात घुसळले जातात, आणि किताबावरचा रास्त आक्षेप मुलींच्या खोलीवर काढला जातो.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकली. पंधरावं मानांकन असताना तिनं वाटेत झू जिनर, हरिका द्रोणवल्ली, तान झोंगयी यांना बाजूला केलं आणि अंतिम लढतीत, टायब्रेकमध्ये, कोनेरू हंपीला. या विजयानं नियमानुसार तिला थेट ग्रँडमास्टर किताब मिळाला, पूर्ण, ‘वूमन’ न लावलेला. त्याआधी तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म, म्हणजे किताबासाठी स्पर्धेत करून दाखवावी लागणारी ठरावीक कामगिरी, नव्हता. महिलांच्या दालनातून खुल्या किताबात असं दार उघडणं काहींना खटकलं. मला विशेष खटकलं नाही. पण हंपीनं २००२ मध्ये तीन नॉर्म कमावून तोच किताब मिळवला होता, हे सांगणाऱ्यांना मी गप्प बसा म्हणणार नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी समरकंदला ग्रँड स्विस स्पर्धा झाली. खुला गट आणि महिला गट एकाच वेळी, त्यामुळे एकीला दोन्हींत खेळता येत नाही, एकच निवडावा लागतो. चेन्नईच्या वैशालीनं महिला गट निवडला, जिंकली आणि पुढच्या जागतिक लढतीच्या उंबरठ्यावर, कँडिडेट्समध्ये, गेली. दिव्यानं खुला गट घेतला. तिला तसं काही मिळालं नाही. मिळाली ती बासेम अमीनवर मात आणि विश्वविजेत्या गुकेशशी बरोबरी. हिशेब मांडला तर वैशालीची निवड फायद्याची. आयोजकांनी हे दोन गट वेगवेगळ्या आठवड्यांत ठेवले तर खर्च वाढेल, पण एक पाऊल टाकण्यासाठी दुसरं सोडून द्यायची पाळी मुलींवर येणार नाही. आपल्या जिल्हा स्पर्धांत तर एवढाही खर्च नाही. मुलींचा गट शनिवारी, खुला रविवारी, आणि दोन्हींसाठी एकच प्रवेश शुल्क. कुठल्याही तालुका संघटनेला हे पुढच्या महिन्यापासून करता येईल.

नोव्हेंबरात खुला विश्वचषक गोव्यात आला. दिव्याला वाइल्ड कार्डवर प्रवेश मिळाला होता. वाइल्ड कार्ड म्हणजे मेहेरबानी, हा आक्षेप मला मान्य आहे. पहिल्याच फेरीत ग्रीसच्या स्टामातिस आर्डिटिसनं तिला दोन्ही डावांत हरवलं आणि ती परतली. स्पर्धेत २०६ खेळाडू होते. ती गेल्यावर उरलेले सगळे पुरुष होते, आणि गटाचं नाव तरीही ‘खुला’च होतं.